मेंडोलिनचा आवाज तारेतून नेताना

मेरूपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत (पेटीवर तारांना उचलून धरणारा लाकडी तुकडा) जेमतेम ३५ सेंटिमीटर लांबीच्या तारा आणि गिटारच्या मानाने फारच लहान अशी पोकळ पेटी, एवढ्याच भांडवलावर मेंडोलिन आपला टोकदार, चमकता नाद घडवते. घरच्या बैठकीत तो नाद पुरेसा असतो. गणेशोत्सवातल्या एखाद्या वाद्यवृंदात मात्र शेजारी ढोलकी, ड्रम आणि कीबोर्ड वाजू लागले, की वादकाने नखी कितीही जोरात चालवली तरी मेंडोलिन पहिल्या काही रांगांपलीकडे पोहोचत नाही आणि मग त्याला पिकअप, म्हणजे वाद्याची हालचाल टिपून तिचा विजेचा सिग्नल बनवणारे साधन, बसवण्याचा विषय निघतो. हा विचार बहुतेक वेळा दुकानातल्या किमतींपासून सुरू होतो. माझ्या मते तो, वाद्य आवाज कसा निर्माण करते आणि कोणते साधन त्यातला कोणता भाग ऐकते, इथून सुरू व्हायला हवा.

मेंडोलिनच्या आठ तारा चार जोड्यांत लावतात आणि प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात मिळवतात. व्हायोलिनप्रमाणेच सर्वांत खालच्या जोडीची वारंवारता १९६ हर्ट्झ, तर पुढच्या तिघींची अनुक्रमे २९४, ४४० आणि ६५९ हर्ट्झ असते. तार इतकी बारीक असते की ती हलताना हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते, म्हणून नुसत्या तारेचा आवाज फारसा येत नाही. तिचे कंपन घोडीतून वरच्या लाकडी फळीत, म्हणजे आपल्याकडचे तंतुवाद्यांचे कारागीर जिला तबली म्हणतात तिच्यात, उतरते. तबली, तळाची फळी आणि आतली हवा मिळून जो नाद बाहेर टाकतात, तोच आपण मेंडोलिनचा आवाज म्हणून ओळखतो. ही घोडी तबलीला चिकटवलेली नसते. आठ तारांचा एकत्रित ताण ८० किलोंच्या आसपास असतो आणि घोडीवरून जाताना तारा साधारण १५ अंशांनी खाली वळल्या, तर त्या ताणाचा जवळजवळ चौथा हिस्सा, म्हणजे २० किलोंच्या घरातला भार, घोडीला तबलीवर दाबून धरतो. पिकअप बसवताना या मोकळ्या घोडीचे भान सतत ठेवावे लागते.

फुगीर तबलीच्या मेंडोलिनांमध्ये आदर्श मानले जाणारे गिब्सन कंपनीचे एफ-५ हे वाद्य १९२२ साली लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली तयार झाले आणि १९२३ सालच्या अशाच एका मेंडोलिनवर पुढे मेंडोलिनवादक बिल मन्रो यांनी अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताची शैली घडवली. सुरुवातीच्या काळात ब्लूग्रासच्या मंडळ्या एकाच मायक्रोफोनभोवती उभ्या राहत. ज्याची पाळी असेल तो वादक पुढे सरके आणि पाळी संपली की मागे हटे. मायक्रोफोनपासूनचे अंतर निम्मे केले की त्याच्यापर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबेलने वाढतो, त्यामुळे सगळ्या वाद्यांचा तोल त्या मंडळींना पावलांनीच साधता येई. आजही शांत सभागृहात, मोजक्या साथीदारांसह वाजवायचे असेल, तर चांगल्या मायक्रोफोनइतका खरा आवाज दुसरे कोणतेही साधन देत नाही, हे मी निःशंकपणे म्हणेन. वादकाला जागेवरून हलता यावे म्हणून वाद्यावरच चिमट्याने बसणारे छोटे मायक्रोफोनही मिळतात. डीपीए कंपनीच्या ४०९९ या मायक्रोफोनसाठी तर मेंडोलिनचा खास चिमटा उपलब्ध आहे.

मायक्रोफोनची अडचण अशी, की तो मेंडोलिनपुरतेच ऐकत नाही. शेजारची ढोलकी त्याच्यात शिरतेच, शिवाय स्पीकरमधून बाहेर पडलेला मेंडोलिनचाच आवाज पुन्हा त्याच्यात येतो, पुन्हा वाढवला जातो आणि काही क्षणांत सगळा मंच शिट्टी मारू लागतो. या फेऱ्यात मेंडोलिनची पेटीही सामील असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की आतली हवा जशी एका ठरावीक स्वरात घुमते, तशीच पेटीतली हवाही घुमते आणि मेंडोलिनमध्ये हा अनुनाद साधारण २०० हर्ट्झच्या परिसरात, सर्वांत खालच्या तारेच्या स्वराजवळच असतो. मंचावरच्या मॉनिटरमधून, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, त्या वारंवारतेचा आवाज पेटीवर आदळला, तर नखी न लावताही तबली थरथरते. यातून निवडीची सगळी कसोटी हाती येते: एखादे साधन मेंडोलिनच्या देहाचा नाद जितका जास्त टिपते, तितकाच तो देह स्पीकरचा आवाजही त्या साधनापर्यंत पोहोचवतो. नैसर्गिक आवाज आणि मोठा आवाज यांत कुठे थांबायचे, हे प्रत्येक वादकाला आपल्या मंचाकडे पाहून ठरवावे लागते.

या कसोटीच्या एका टोकाला मायक्रोफोन आहे आणि दुसऱ्या टोकाला चुंबकीय पिकअप. यात चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार चुंबकाजवळ हलली की चुंबकक्षेत्र बदलते आणि वेढ्यांत वीज उमटते. हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलेल्या प्रवर्तनाचेच रूप आहे. अशा पिकअपला फक्त तारेची हालचाल कळते, पेटीची नाही. त्यातही मेंडोलिनच्या खालच्या दोन जोड्यांच्या तारांवर बहुधा फॉस्फर ब्राँझचे वेष्टण असते आणि ते चुंबकाला जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो आतला बारीक पोलादी गाभा. म्हणून वरच्या साध्या पोलादी तारा मोठ्याने आणि खालच्या दबक्या वाजतात. ज्याला मेंडोलिनच्या लाकडाचा नाद हवा आहे, त्याला मी हा मार्ग सुचवणार नाही. ज्याला वेगळाच आवाज हवा आहे, त्याच्यासाठी मात्र हा मार्ग मोठा आहे. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी भरीव लाकडाचे, पाच एकेरी तारांचे विद्युत मेंडोलिन स्वीकारले. पोकळ पेटी तारेची ऊर्जा झपाट्याने खर्च करते, भरीव लाकूड ती तारेतच राहू देते, आणि गमकासाठी, म्हणजे स्वर आंदोलित करण्यासाठी, तो जितका वेळ टिकायला हवा तितका तो त्यामुळे टिकतो. शिवाय घुमायला पोकळ पेटीच नसल्यामुळे शिट्टीची भीतीही बरीच कमी होते.

बहुतेकांची गरज या दोन टोकांच्या मधली असते आणि तिथे पिझो पिकअप उपयोगी पडतो. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार उमटतो, हे जाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० साली प्रयोगाने दाखवले. आजच्या पिकअपमध्ये क्वार्ट्झऐवजी बहुधा खास घडवलेली सिरॅमिकची चकती किंवा पट्टी असते, पण तत्त्व तेच आहे. स्वतः लॉइड लोर यांनीही गिब्सन सोडल्यानंतर, १९३०च्या दशकात, विव्ही-टोन या आपल्या कंपनीत विद्युत वाद्ये बनवण्याचा प्रयत्न केला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याने पेटीच्या नादासाठी एवढे कष्ट घेतले, त्यालाही तिची मर्यादा जाणवली होती.

पिझो बसवण्याच्या मेंडोलिनवर मुख्यतः दोन जागा आहेत. पहिली जागा घोडीतच. फिशमन कंपनीच्या एम-१०० सारख्या पिकअपमध्ये पिझो घोडीच्या वरच्या तुकड्यात आधीच बसवलेला येतो आणि आपण मूळ घोडीच्या जागी तो वापरतो. हा पिझो तारेच्या अगदी जवळ असल्यामुळे नखीचा आघात तीक्ष्ण येतो, पेटीचा नाद कमी येतो आणि म्हणून आवाज बराच वाढवता येतो. दुसरी जागा तबलीच्या खालच्या बाजूला, घोडीच्या पायांच्या बरोबर खाली. तिथे दोन लहान चकत्या चिकटवतात. त्यांना तबलीचे कंपन कळते, त्यामुळे आवाज अधिक भरदार आणि लाकडाचा वाटतो, पण मोठ्या मंचावर त्या लवकर घुमू लागतात. मध्यम आकाराच्या सभागृहासाठी मी तबलीखालच्या चकत्या निवडेन आणि ड्रम असलेल्या वाद्यवृंदासाठी घोडीतला पिझो.

पिझोबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे आवाज पत्र्यासारखा, पातळ येतो. दोष बऱ्याचदा पिझोचा नसतो, तो जिथे जोडला आहे तिथला असतो. विजेच्या भाषेत पिझो हा एक छोटा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, आहे आणि त्याला ज्या यंत्राशी जोडतो त्या यंत्राच्या इनपुटचा रोध, ज्याला ध्वनितंत्रज्ञ इम्पीडन्स म्हणतात, त्याच्याबरोबर मिळून तो खालचे स्वर गाळणारी चाळणी तयार करतो. पिझोची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, १ नॅनोफॅरड धरली आणि तो मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला थेट लावला, तर ही चाळणी जवळपास १६,००० हर्ट्झच्या खालचे सगळेच कापू लागते. १९६ हर्ट्झचा स्वर मूळच्या सुमारे ऐंशीव्या भागाइतकाच उरतो, तर ६५९ हर्ट्झचा चोविसाव्या भागाइतका. साउंडवाले मग आवाज वाढवतात, पण स्वरांचा तोल बिघडलेलाच राहतो. तोच पिझो १ मेगओहमच्या इनपुटला लावला तर ही सीमा १५९ हर्ट्झवर येते आणि १० मेगओहमला १६ हर्ट्झवर, म्हणजे मेंडोलिनच्या पूर्ण आवाक्याबाहेर. याच कारणासाठी पिझो आणि मिक्सर यांच्यामध्ये उच्च इम्पीडन्सचा प्रीॲम्प (मिक्सरच्या आधी सिग्नल सशक्त करणारे छोटे यंत्र) किंवा तसा डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणारी पेटी) हवाच. माझा सल्ला असा, की पैसे मर्यादित असतील तर साधा पिझो घ्यावा आणि चांगला प्रीॲम्प घ्यावा. उलट कधीही करू नये. पिझोपासून प्रीॲम्पपर्यंतची केबलही आखूड ठेवावी. केबलची स्वतःची धारिता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते, म्हणजे पाच मीटरच्या केबलने त्याच पिझोचा सिग्नल दोन-तृतीयांशावर येतो.

बसवण्याच्या कामात घाई सर्वांत जास्त नुकसान करते. घोडी मोकळी असल्यामुळे सगळ्या तारा एकदम उतरवल्या की ती निसटते आणि तिची जागा हरवते. जागा दोन-तीन मिलिमीटरने जरी बदलली तरी वरच्या पडद्यांवरचे स्वर बेसूर होतात. म्हणून आधी घोडीच्या पायांच्या कडेने तबलीवर सौम्य मास्किंग टेप लावून खूण करावी. नवी घोडी बसवायची असेल तर तिचे पाय तबलीच्या फुगीरपणाला तंतोतंत जुळवावे लागतात. त्यासाठी तबलीवर बारीक पॉलिशपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवतात आणि त्यावर घोडी हळूहळू घासतात. पायाखाली केसाएवढी फट राहिली तरी २० किलोंचा भार काही मोजक्या बिंदूंवर येतो, आवाज दबतो आणि पिझोला तारांचे कंपन असमान मिळते. शेवटी बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि त्याच जागी तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर जुळतात का, हे तपासून घोडी नेमक्या जागी आणावी.

तबलीखालच्या चकत्या चिकटवण्यापूर्वी त्या वरूनच पुटीने तात्पुरत्या लावून, प्रीॲम्पसह ऐकून जागा ठरवावी. काही मिलिमीटरच्या फरकाने आवाज बदलतो, हे कानांनी अनुभवण्यासारखे आहे. कायमच्या जोडणीसाठी फेविक्विकच्या जातीचा, कडक होणारा गोंद योग्य ठरतो, कारण मऊ गोंदाच्या थरात वरच्या वारंवारतांची कंपने मुरून जातात. लंबगोल छिद्राच्या मेंडोलिनमध्ये बोटे आत जातात. एफ आकाराच्या फटींच्या मेंडोलिनमध्ये मात्र छोटा आरसा आणि वाकवलेली तार यांच्या साहाय्याने काम करावे लागते आणि ते अनुभवी कारागिराकडे सोपवणे मला शहाणपणाचे वाटते. आतली वायर पेटीला चिकटवून ठेवावी, नाहीतर ठरावीक स्वरावर ती खडखडते.

केबल जिथे खुपसतात त्या जॅकसाठी बहुधा पट्ट्याच्या खुंटीच्या जागी सुमारे १२ ते १३ मिलिमीटरचे भोक करतात. वाद्य जुने किंवा मौल्यवान असेल, तर ते भोक पाडू नये असे माझे ठाम मत आहे. व्हायोलिनच्या हनुवटीच्या आधारासारखा, पेटीच्या कडेला आवळून बसणारा जॅक मिळतो आणि तो कधीही काढता येतो.

मंचावर गेल्यावर प्रीॲम्पमध्ये १५० हर्ट्झच्या खालचे सगळे कापून टाकावे. मेंडोलिनचा सर्वांत खालचा स्वरच १९६ हर्ट्झचा असल्यामुळे त्यात संगीत काहीच जात नाही, जातो तो हाताचा धक्का आणि मंचाची गडगड. २०० हर्ट्झच्या आसपास घुमू लागले तर नेमकी तीच पट्टी अरुंद कापावी, आणि प्रीॲम्पवर पोलॅरिटी, म्हणजे सिग्नलची धन-ऋण दिशा, उलटवण्याचे बटण असेल तर आधी ते दाबून पाहावे. मायक्रोफोन आणि पिझो एकत्र वापरताना या बटणाचे महत्त्व आणखी वाढते: मायक्रोफोन १७ सेंटिमीटर दूर असेल तर त्याच्यापर्यंत आवाज अर्ध्या मिलिसेकंदाने उशिरा पोहोचतो आणि १,००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही सिग्नल एकमेकांना पुसून टाकू शकतात. हे सगळे ठरवताना मेंडोलिन दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावे आणि वादकाने स्वतः प्रेक्षकांत, मागच्या रांगेत जाऊन बसावे, कारण वाद्य छातीशी धरलेले असताना लाकडाचा नाद थेट कानात येत राहतो आणि स्पीकरमधून त्यातले किती बाहेर जाते आहे याचा अंदाज तिथून लागत नाही.