अमेरिकेची राज्यघटना १७७६ ची नव्हे

अमेरिका १७७६ मध्ये स्वतंत्र झाली आणि तेव्हाच तिची राज्यघटना आली, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. १७७६ चा तो फक्त स्वातंत्र्याचा जाहीरनामा. १७८१ पासून होता एका कराराने बांधलेला १३ राज्यांचा सैलसर संघ, आणि त्याच्या काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर लावायचा अधिकारच नव्हता! आयातीवर ५ टक्के जकात बसवायची म्हटली, तर त्याला सगळ्या राज्यांची संमती लागायची; १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंड राज्याने नकार दिला आणि सगळं बारगळलं.

मग मॅसॅच्युसेट्स राज्याचे कर्जबाजारी शेतकरी कर्जवसुलीचे खटले चालवणारी कोर्टं बंद पाडू लागले. त्यांत स्वातंत्र्ययुद्ध लढलेले सैनिकही होते, हे मला फार लागतं. जानेवारी १७८७ मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. काँग्रेसकडे पैसा नाही; फौज उभी राहिली बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून. ही धास्ती मनात घेऊनच मे महिन्यात फिलाडेल्फियात राज्यांचे प्रतिनिधी जमले. आले होते संघाच्या जुन्या करारात दुरुस्ती करायला. सप्टेंबरात सही केली ती नव्या राज्यघटनेवर.