कंट्री संगीतातील शोकगीते

जिवलगाच्या मृत्यूवर रचलेली अमेरिकन कंट्री संगीतातील, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या संगीतातील गीते. ब्रिटिश बेटांतून पूर्व अमेरिकेतील ॲपलेचियन डोंगरांत येऊन वसलेल्या लोकांच्या कथागीतांत मृत्यू हा विषय आधीपासूनच होता. प्रॉटेस्टंट चर्चच्या गीतांनी त्याला स्वर्गातील पुनर्भेटीच्या आशेची जोड दिली. कार्टर फॅमिली या गायक कुटुंबाने १९३५ साली गायलेल्या ‘कॅन द सर्कल बी अनब्रोकन’मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. ध्रुवपद १९०७ च्या चर्चगीतावरून घेतलेले, कडवी मात्र नवी. आईला न्यायला आलेली शववाहिका खिडकीतून दिसते आणि गाणारा गाडीवाल्याला विनवतो, जरा हळू हाक.

या गीतांत विलाप कमी, हकिकत जास्त. ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ (जॉर्ज जोन्स, १९८०) या गीताचा नायक सोडून गेलेल्या प्रेयसीची जुनी पत्रे लाल रेघा मारून जपतो. त्याचे प्रेम आज थांबले, म्हणजे तो वारला, हे ध्रुवपदात कळते. ती शेवटचे दर्शन घ्यायला येते, तो भाग जोन्सने गायलेला नाही, नुसता बोलून दाखवला आहे. गाणे फारच सुतकी आहे, कोण विकत घेणार, असे खुद्द जोन्सचे मत होते. ते कंट्री गीतांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

ली ब्राइसच्या ‘आय ड्राइव्ह युअर ट्रक’ला (२०१२) अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सैनिकाच्या वडिलांची रेडिओवरील मुलाखत निमित्त झाली; ते मुलाचा ट्रक चालवत. गीतात ॲशट्रेमधली चिल्लर, अर्धी उरलेली बाटली, गेलेल्यानेच लावून ठेवलेले रेडिओ स्टेशन, सगळे जागच्या जागी आहे. कबरीवर जाऊन आलास का, असे गाणाऱ्याला आई विचारते. पण गाणाऱ्याला तो तिथे भेटतच नाही, ट्रकमध्ये भेटतो. शोक वस्तूंवर सोपवण्याची ही हातोटी या प्रकाराचे खरे बळ म्हणावे लागेल. साथीला बहुधा पेडल स्टील गिटार, म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायची गिटार. तिची मींड पुष्कळदा शब्दांआधीच रडते.

विन्स गिलने ‘गो रेस्ट हाय ऑन दॅट माउंटन’ गायक कीथ व्हिटली १९८९ मध्ये वारल्यावर लिहायला घेतले, ते पुरे झाले १९९३ मध्ये थोरला भाऊ गेल्यावर. पुढे ते अंत्यविधींतही गायले जाऊ लागले. २०१३ साली जोन्सच्याच अंत्यविधीत गाताना गिलचा कंठ दाटला, तेव्हा सोबत गाणाऱ्या पॅटी लव्हलेसने गाणे सावरून नेले.

शोकगीतांच्या या ठरीव मसाल्याची थट्टाही कंट्रीनेच केली आहे. डेव्हिड ॲलन को याने १९७५ मध्ये गाजवलेल्या एका गीताच्या शेवटच्या कडव्यात तुरुंगातून सुटलेली आई, दारू प्यालेला मुलगा, पाऊस आणि पिकअप ट्रक असा सगळा सरंजाम जमतो आणि मुलगा स्टेशनवर पोहोचायच्या आत आई आगगाडीखाली सापडते.