बंधाऱ्यावरचं पाणी आणि वजनकाट्याची पावती

घाटमाथ्यावर पावसाने जोर धरला की निपाणी-चिकोडी भागातले बंधारे एकामागून एक पाण्याखाली जातात. दूधगंगेवरचा कारदगा-भोज, वेदगंगेवरचा जत्राट-भिवशी, कृष्णेवरचा कल्लोळ-येडूर. रस्त्यावर आडवी काठी लागते, आणि दरवर्षी कुणीतरी ती बाजूला सारून गाडी घालतोच. एकदा आम्ही काठावर उभे असताना एका मामांनी दुचाकी पाण्यात घातली. मागे बसलेला पोरगा उतरला नि म्हणाला, "नको की मामा." मामा म्हणाले, "तीस वर्सं ह्याच पुलावरनं जातोय. मला पाणी कळतंय." आणि ते सुखरूप पलीकडे पोचले. मला सगळ्यात जास्त भीती त्या सुखरूप पोचण्याचीच वाटली.

कारण त्या पाण्यातलं कळण्यासारखं जे असतं, ते काठावरून दिसतच नाही. पाणी गढूळ, त्यामुळे खालचा स्लॅब शाबूत आहे की वाहून गेलाय ते समजत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. डोळ्याला मात्र पाणी कालच्यापेक्षा जरा जास्त पळतंय एवढंच वाटतं. जोराने वाहणारं सहा इंच पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं आणि फूटभर पाणी बहुतेक लहान मोटारी ओढून नेऊ शकतं, असा अमेरिकेच्या हवामान खात्याचा इशारा आहे. हिशेब आपल्यालाही करता येतो. ९०० किलोच्या मोटारीने ९०० लिटर पाणी बाजूला सारलं की ती तरंगते. तिच्या तळाचा पसारा साडेपाच चौरस मीटर धरला, तर त्यासाठी तळाच्या वर १६-१७ सेंटिमीटर पाणी पुरतं. तळ जमिनीपासून जवळपास तेवढाच उंच असतो. दोन्ही मिळून झालं फूटभर. चाकांची पकड तर त्याआधीच सुटायला लागते.

मग तीस वर्षांनी मामांना शिकवलं काय? "काही होत नाही" एवढंच. प्रत्येक खेपेला पाणी किती होतं, वेग किती होता, आपण किती थोडक्यात वाचलो, याची नोंद कुठेच नाही. उरतो तो फक्त "गेलो आणि आलो" हा अनुभव, आणि त्यातून खात्री वाढत जाते. हे एकट्या मामांचं नाही. १९८१ साली ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने विद्यार्थ्यांना विचारलं, की या खोलीतल्या इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी किती कौशल्याने चालवता? अमेरिकेतल्या गटात ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या गटात ६९ टक्के जणांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. वरच्या निम्म्यात निम्मेच मावतात.

खात्री आणि अचूकपणा यांची सांगड कुठे बसते, हे बघायला गेलं तर हवामानाचा अंदाज सांगणारे भेटतात. अमेरिकेतल्या अंदाजांच्या १९७०च्या दशकातल्या अभ्यासात दिसलं, की पावसाची शक्यता ३० टक्के सांगितलेल्या दिवसांपैकी साधारण तेवढ्याच दिवशी पाऊस पडतो. ही माणसं जन्मतः शहाणी नव्हेत. ती आकडा सांगतात, तो लिहिला जातो, आणि दुसऱ्या दिवशी आभाळ उत्तर देतं.

आमच्याकडे हे काम वजनकाटा करतो. काका उसाच्या फडात शिरून चार सऱ्या चालले, दोन ऊस हातात धरून बघितले की छातीठोकपणे सांगायचे, "एकरी पन्नास टन बसतोय." टोळी आली, तोडणी झाली, कारखान्याच्या पावत्या जुळवल्या तर बेचाळीस. पुढच्या वर्षापर्यंत तो बेचाळीस आठवणीत सत्तेचाळीस झालेला असायचा. म्हणून मी त्यांचा आकडा तोडणीआधीच वहीत लिहून ठेवायला लागलो. पहिल्या वर्षी ते रागावले. दुसऱ्या वर्षी वहीसमोर आकडा सांगताना जरा थांबले, आणि मला वाटतं, त्या थांबण्यातच सगळं शिकणं होतं.

त्या थांबण्याला एक प्रश्न जोडला की आणखी फरक पडतो. १९८० साली आशर कोरियात, सारा लिख्टनस्टाइन आणि बारूख फिशहॉफ या तीन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की स्वतःच्या उत्तराविरुद्धची कारणं लिहायला लावली की माणसाची फाजील खात्री उतरते. बाजूची कारणं लिहून तसा फरक पडला नाही. ती तर मनात आपोआप जमलेली असतातच. आता मी काकांना विचारतो, "कमी पडला तर कशानं पडंल?" मग हुमणी निघते, लोळलेला ऊस निघतो, एप्रिलमध्ये चुकलेली पाण्याची पाळी निघते. हे सगळं त्यांना आधीही ठाऊक होतंच, पण विचारल्याशिवाय ते हिशेबात येत नव्हतं.

बंधाऱ्यावर मात्र ही वही चालत नाही. तिथली चूक एकदाच होते, आणि नोंद करायला माणूस उरत नाही. म्हणून तिथला निर्णय काठावर उभं राहून घ्यायचाच नाही. आमच्या घरात तो मे महिन्यात, रस्ता कोरडा असताना ठरतो: स्लॅबवर पाणी दिसलं की लांबचा वळसा, मग ते चार बोटं असो की चार फूट. उशीर होतो, पेट्रोल जातं, आणि पलीकडे पोचलेले लोक आपल्याकडे बघून हसतात.

यंदा फड अजून उभा आहे. काकांनी पहिल्यांदाच एक आकडा दिला नाही. "बेचाळीस ते अठ्ठेचाळीस लिव," म्हणाले, आणि दारातून परत फिरून, "चाळीस ते अठ्ठेचाळीस कर."