चुओ लाइन: नारिंगी गाडी की पिवळी?

तोक्योत नव्याने राहायला आलेल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो चुओ लाइनवर. शिंजुकूहून पश्चिमेला मिताकाकडे नारिंगी पट्ट्याच्या गाड्या जातात आणि पिवळ्या पट्ट्याच्याही. दोन्ही जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या, भाडं तेच, आणि बोलताना लोक दोघींनाही चुओच म्हणतात.

नारिंगी म्हणजे चुओ जलद. ती तोक्यो स्टेशनहून निघते आणि मिताकाच्या पुढे ताचिकावा, हाचिओजी करत ताकाओपर्यंत जाते. काही गाड्या ओमेकडे वळतात. पिवळी म्हणजे चुओ-सोबु. ती मिताका ते चिबा अशी धावते आणि वाटेतलं प्रत्येक स्टेशन घेते, एकूण 39.

मुंबईकर लगेच फास्ट आणि स्लो असा हिशोब मांडतो. तो अर्धाच बरोबर आहे. मध्य रेल्वेवर फास्ट काय, स्लो काय, दोन्ही सीएसएमटीलाच नेतात. इथे पूर्वेला जाताना ओचानोमिझुला वाटा फुटतात. नारिंगी कान्दावरून तोक्यो स्टेशनला जाते. पिवळी आकिहाबारावरून सुमिदा नदी ओलांडून चिबाकडे. पिवळीत बसून तोक्यो स्टेशनची वाट पाहिलीत तर ते कधीच येणार नाही.

याचं कारण इतिहासात आहे. मुळात हे दोन वेगळे रेल्वेमार्ग. पश्चिमेचा शिंजुकू ते ताचिकावा हा मार्ग 1889 साली सुरू झाला आणि 1919 मध्ये तोक्यो स्टेशनपर्यंत पोचला. चिबाकडून येणारी सोबु लाइन मात्र नदीपलीकडे र्‍योगोकुलाच थांबत असे. 1932 मध्ये ती ओचानोमिझुपर्यंत आणून चुओला जोडली, आणि पुढच्याच वर्षी चुओवर जलद गाड्या सुरू झाल्या. आजच्या दोन रंगांमागे ही जोडणी आहे.

आता वेगाचं. नारिंगी सगळीकडेच वेगवान असते हा समज सोडून द्यावा. तिची खरी बचत ओचानोमिझु ते नाकानो या टप्प्यात. तिथे ती मध्ये फक्त योत्सुया आणि शिंजुकू घेते. पिवळी त्याशिवाय सुइदोबाशी, इइदाबाशी, इचिगाया, शिनानोमाची, सेंदागाया, योयोगी, ओकुबो आणि हिगाशी-नाकानो ही आठ स्टेशनं घेते. तोक्यो डोमला (सुइदोबाशी) किंवा राष्ट्रीय स्टेडियमला (सेंदागाया) जायचं तर पिवळीच हवी. नाकानोच्या पुढे मात्र साधी जलद गाडी कामाच्या दिवशी मिताकापर्यंत प्रत्येक स्टेशनावर थांबते. त्या पट्ट्यात जी आधी येईल ती घ्यावी.

शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी हे बदलतं. जलद गाडी कोएंजी, आसागाया आणि निशी-ओगिकुबो ही तीन स्टेशनं सोडते. शुक्रवारपर्यंत नारिंगीने कोएंजीला उतरणारा माणूस शनिवारी थेट पुढे जातो. शिवाय नारिंगीतच ‘विशेष जलद’ गाड्या आहेत, त्या नाकानो ते मिताका मध्ये कुठेच थांबत नाहीत, कोणताही वार असो. म्हणून डब्याचा रंग पाहून चढू नका, गाडीचा प्रकार वाचा. विशेष जलदला जादा पैसे लागत नाहीत. जादा भाडं आहे ते मार्च 2025 पासून नारिंगीला जोडलेल्या दुमजली ग्रीन (वरच्या वर्गाच्या) डब्यांचं. चुकून त्यात बसू नये.

गाडी बदलायची असेल तर माझी पसंती ओचानोमिझुला. तिथे एकाच दिशेच्या नारिंगी आणि पिवळ्या गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात; उतरलं की समोरच. शिंजुकूला हेच करायचं तर जिने चढउतार आणि गर्दी. सामान किंवा लहान मूल बरोबर असेल तर हा फरक मोठा आहे.

आणखी एक रंग या रुळांवर दिसतो, आकाशी. ती तोक्यो मेट्रोची तोझाई लाइन. तिच्या काही गाड्या नाकानोहून पुढे पिवळीच्याच रुळांवरून मिताकापर्यंत जातात. तोझाईवरच्या निशी-कसाई भागातल्या मराठी कुटुंबांना याचा फायदा आहे: किचिजोजी, मिताका गाडी न बदलता गाठता येतं. फक्त चढण्याआधी बोर्डावर मिताका लिहिलंय ना ते पाहावं, कारण तोझाईच्या बऱ्याच गाड्या नाकानोलाच संपतात.