पाळीव उंदीर माणसाळवणे

पाळीव उंदीर माणसाळवणे : पिंजऱ्यात वाढलेल्या लहान उंदराच्या मनातली माणसाच्या हाताची भीती हळूहळू घालवून तो हात त्याला पायाखालच्या जमिनीइतका ओळखीचा करण्याची रीत. कुत्रे माणसामागून चालते, मांजर आपल्याला हवे तेव्हा मांडीवर येऊन बसते. उंदराकडून यांतले काही मागू नये. घार, घुबड, मांजर, साप, मुंगूस असे सगळेच त्याला खातात, आणि त्यांतले बरेच वरून झडप घालतात. म्हणून डोक्यावरून आलेली सावली त्याला मरणासारखी वाटते. असा प्राणी तळहातावर चढला, तिथे बसून दाणा सोलू लागला, पुढच्या पायांनी तोंड पुसू लागला, की त्याने देण्यासारखे होते ते सगळे दिले. या नोंदीत कोल्हापुरातल्या घरांत, तिथल्या हवेत आणि सणावारांत हे कसे साधते ते सांगितले आहे.

प्राणी : मराठीत ‘उंदीर’ या एकाच शब्दात दोन वेगळे प्राणी येतात, आणि पाळणाऱ्याची पहिली फसगत तिथेच होते. लहान घरउंदीर (मस मस्क्युलस) आणि मोठा तपकिरी उंदीर (रॅटस नॉर्वेजिकस) या दोन्हींच्या पाळीव वाणांत लाल डोळ्यांची पांढरी पिल्ले असतात. लहान जातीचा पूर्ण वाढलेला उंदीर २० ते ४० ग्रॅम भरतो. मोठा ३०० ग्रॅमच्या पुढे जातो. मोठा उंदीर माणसात लवकर रमतो, लहानाला वेळ लागतो. ही नोंद लहानाची आहे. कोल्हापूर परिसरात उसाच्या फडात बिळे करणारी घूस तिसरीच. स्वयंपाकघरात सापळ्यात सापडलेला उंदीर पाळायला घेऊ नये. तो लेप्टोस्पायरोसिससारखे रोग आणू शकतो, आणि मोकळे वाढलेले जनावर पिंजऱ्यात कायम धास्तावलेले राहते.

आयुष्य दीड ते अडीच वर्षांचे. पिल्लू साधारण दोन आठवड्यांचे झाल्यावर डोळे उघडते, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आईचे दूध सोडते. चार ते सहा आठवड्यांचे पिल्लू आणले तर ते हाताला लवकर सरावते. मोठा झालेला उंदीरही माणसाळतो, पण त्याचे पंधरा दिवस माणसाच्या जवळजवळ दीड वर्षाएवढे असतात, हे ध्यानात ठेवून घाई आणि दिरंगाई दोन्ही टाळावी.

इतिहास : रंगीत उंदरांच्या पैदाशीवर जपानमध्ये १७८७ साली एक पुस्तिका छापली गेली होती. इंग्लंडमध्ये १८९५ साली उंदीर पाळणाऱ्यांचा राष्ट्रीय क्लब निघाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावी ॲबी लॅथ्रॉप (१८६८–१९१८) यांनी हौशी लोकांसाठी उंदीर वाढवायला घेतले. त्यांचेच उंदीर पुढे प्रयोगशाळांत गेले आणि आजच्या अनेक प्रमाणित वाणांचे पूर्वज ठरले. हौशी पाळणारा आणि संशोधक यांचे उंदीर असे एकाच घराण्यातले असल्यामुळे प्रयोगशाळेत जे कळते ते घरच्या पिंजऱ्यालाही लागू पडते.

त्यांतली एक गोष्ट फार मोलाची आहे. शेकडो प्रयोगशाळांत उंदीर शेपटीला धरून उचलण्याची पद्धत होती. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिले की शेपटीला धरलेले उंदीर माणसापासून दूर पळतात आणि घाबरलेलेच राहतात. ओंजळीत घेतलेले किंवा नळीतून उचललेले उंदीर मात्र आपण होऊन हाताजवळ येतात. शेपटीला धरू नये हे त्यामुळे केवळ हळव्या माणसाचे म्हणणे उरले नाही. शेपटीच्या टोकाची कातडी ओढीने निघूनही येते.

कोल्हापूरला जनावर माणसाळवण्याची परंपरा नवी नाही. संस्थानकाळात इथे काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत आणि चित्तेवान त्यांच्या सहवासात राहून त्यांना सवयीचे करत. दिवाळी पाडव्याला गवळी मंडळी म्हशी सजवून बाहेर काढतात आणि मालकाच्या हाकेसरशी म्हैस गर्दीतून धावत येते. ती ओळख रोजच्या धारेतून, रोजच्या वैरणीतून आलेली असते. उंदराचे काम त्याच जातीचे आहे. फरक एवढाच, की म्हशीपुढे माणूस लहान असतो आणि उंदरापुढे डोंगराएवढा.

उंदराचे जग : उंदराचे डोळे कमजोर, लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदराचे तर फारच. असा उंदीर स्थिर बसून डोके डावी-उजवीकडे झुलवताना दिसतो. तो आजारी नसतो, अंतर मोजत असतो. लाल रंग त्याला जवळजवळ दिसत नाही. म्हणून गणपतीच्या मखरातून उरलेला लाल जिलेटीन कागद दिव्यावर लावून रात्री बसले, तर त्याच्या लेखी अंधारच असतो आणि आपल्याला त्याचा सगळा संसार पाहता येतो : दाणे कुठे लपवतो, कोण कोणाला चाटते, कोण कोणाच्या अंगावर झोपते. हात आत घालण्याआधी दोन-तीन रात्री नुसते असे पाहावे. पुढचे बरेच काम त्यातच होऊन जाते.

ऐकण्याची पट्टीही आपल्याहून वेगळी. माणसाला २० हजार हर्ट्झच्या वरचे ऐकू येत नाही. उंदीर ८०–९० हजारांपर्यंत ऐकतो आणि आपसात बरेचसे त्याच पट्टीत बोलतो. चावीचा जुडगा, प्लास्टिकची पिशवी, भांड्यावर भांडे घासणे यांतले आपल्याला न ऐकू येणारे चिरके आवाज त्याला टोचतात. उंदीर पळवण्यासाठी प्लगमध्ये लावायचे ‘अल्ट्रासॉनिक’ यंत्र ज्या घरात आहे, त्या घरात उंदीर पाळूच नये. उलट एक हजार हर्ट्झच्या खालचे त्याला नीटसे ऐकू येत नाही, त्यामुळे माणसाचे हळू, खालच्या पट्टीतले बोलणे त्याला त्रासदायक होत नाही. जिभेने ‘च् च्’ असा एकच ठरलेला आवाज करून दर वेळी दाणा दिला, तर काही दिवसांत तो आवाज ऐकून उंदीर दाराशी येतो.

पण उंदराचे खरे ज्ञान नाकात असते. मुतातल्या वासांवरून त्याला कळते की हा कोण, नर की मादी, आपल्यातला की परका. म्हणून हातावर आलेला उंदीर थेंब-थेंब मुतला तर रागावू नये. तो हातावर आपली खूण ठेवत असतो, आणि पुढच्या वेळी तीच खूण त्याला धीर देते. (भीतीनेही लघवी होते, तेव्हा अंग आखडलेले असते आणि लेंड्याही पडतात.) पिंजरा धुतानाही घरट्यातला थोडा जुना कागद नव्यात ठेवावा. सगळे एकदम फिनेलने धुऊन काढले, की उंदराचे घरच नाहीसे होते आणि आठवडाभराची मेहनत वाया जाते. हात धुतल्याशिवाय पिंजऱ्यात घालू नये. कांदा-लसूण चटणी कालवलेल्या बोटांचा वास तर नकोच. बोटाला अन्नाचा वास असला की उंदीर चावून बघतो, आणि तो चावा आपण राग समजतो. साबण बिनवासाचा घ्यावा.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांना २०१४ साली आढळले की पुरुषाच्या अंगाच्या, इतकेच काय त्याने घातलेल्या शर्टाच्याही वासाने उंदरांवर ताण येतो. स्त्रियांच्या वासाने तसे होत नव्हते. तो ताण काही वेळाने ओसरतो. घरात मुलीच्या हातावर चटकन येणारा उंदीर वडिलांना पाहून लपत असेल, तर वडिलांनी वाईट वाटून घेऊ नये. आधी अर्धा तास पिंजऱ्याजवळ पेपर वाचत बसावे, मग हात पुढे करावा.

रीत : आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस पाणी आणि दाणे देण्यापलीकडे काही करू नये. पिंजरा कमरेच्या उंचीवर, भिंतीला लागून, माणसांची ये-जा असेल अशा खोलीत ठेवावा. जमिनीवर ठेवला तर प्रत्येक पाऊल वरून येते. आत लपायला जागा हवीच. लपता येते हे कळले की उंदीर बाहेर यायला धजावतो. जुन्या घरांच्या आढ्यावरून निघालेले नळीचे कौल यासाठी फार उत्तम : आत अंधार, उन्हाळ्यात गार, कुरतडले तरी अपाय नाही.

मग हात. घरट्यातला थोडा कागद तळहाताला चोळावा. तळवा वर करून हात पिंजऱ्याच्या तळाशी बाजूने सरकवावा आणि तसाच ठेवावा. वरून नेऊ नये, बोटे हलवू नयेत, उंदराचा पाठलाग तर कधीच करू नये. हातावर ज्वारी, राळे किंवा ओटचे चार दाणे ठेवावेत. सूर्यफुलाची बी खास बक्षीस म्हणून राखावी. ती तेलकट असते, दिवसाला एक-दोन पुरे. पहिल्या दिवशी उंदीर लांबूनच अंग ताणून वास घेईल, मागचे पाय पळायच्या तयारीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाणा उचलून पळेल. तो हातावरच बसून खायला लागला, तो दिवस वहीत लिहून ठेवावा. दहा मिनिटे, रोज एकदा, संध्याकाळी उंदीर जागे झाल्यावर. झोपलेल्याला उठवून खेळवणारा माणूस त्याला कधीच आवडत नाही.

उंदीर आधी हाताला हुंगून, चाटून, हळूच कुरतडून पाहतो. या कुरतडण्याला हात मागे ओढला, तर उंदीर शिकतो की चावले की हात जातो. लागेपर्यंत चावला तरच हात सावकाश, खालूनच बाहेर घ्यावा. कांगारूसारखा ताठ उभा राहून पुढचे पाय छातीशी धरलेला, किंवा शेपूट जमिनीवर सापासारखी थरथरवणारा उंदीर त्या वेळी सोडून द्यावा.

उचलायला नळी वापरावी. कापडाच्या ताग्याच्या आत पुठ्ठ्याची नळी असते. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारात अशा नळ्या मिळतात. साधारण पाच सेंटिमीटर रुंद असलेल्या नळीचा पंधरा सेंटिमीटरचा तुकडा पिंजऱ्यात कायम राहू द्यावा. उंदीर आपण होऊन तिच्यात शिरतो. दोन्ही तोंडांवर हात धरून ती अलगद उचलावी आणि नळीतून त्याला ओंजळीत उतरू द्यावे. पुढचा टप्पा रिकाम्या, उंच कडांच्या प्लास्टिकच्या टबात. तळाला टॉवेल, मधे नळी, कडेला आपला हात. त्या मोकळ्या जागेत सर्वांत ओळखीच्या वासाची वस्तू हातच असतो, म्हणून उंदीर हाताकडेच परत येतो. भित्र्या उंदराच्या बाबतीत पिंजऱ्यात आठवडाभर न झालेले काम टबात दोन-तीन संध्याकाळी होते.

या सगळ्यात माणसाने करायचे ते मुख्यतः स्तब्ध बसणे. ते मुलांना अवघड जाते, म्हणून दहा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांसोबतच बसावे. एवढ्या लहान जिवाची बरगडी मुलाच्या मुठीत सहज मोडते.

सोबत : मादी एकटी ठेवू नये, दोन-तीन बहिणी एकत्र सुखाने राहतात. ‘एकटी असली तर माझ्याशी जास्त जोडली जाईल’ हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. सोबत असलेली मादी धीट असते आणि एकीला हातावर खाताना पाहून दुसरी येते. वयात आलेले नर मात्र एकमेकांना जखमी करेपर्यंत भांडतात. एकट्या नराला माणसाचा वेळ जास्त द्यावा लागतो. नर-मादी एकत्र ठेवल्यास दर तीन आठवड्यांनी पिल्ले होतात.

कोल्हापूरची हवा आणि सण : एप्रिल-मेमध्ये पारा ३७–३८ अंशांवर जातो तेव्हा दुपारी पिंजरा आतल्या खोलीत हलवावा आणि हाताळणी रात्रीवर ढकलावी. पावसाळ्यात अंथरूण दमट राहते, मुताचा अमोनिया साठतो आणि उंदीर शिंकू लागतो. अशा वेळी तो हाताला टाळत असेल तर दोष ओढीचा नसून हवेचा असतो. वखारीतला बारीक भुसाही छातीला बाधतो. त्याऐवजी पांढऱ्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या द्याव्यात.

गणपतीत घरोघरी मूर्तीच्या पायाशी उंदीरमामा असतो, आणि नेमके ते दिवस जिवंत उंदराला सर्वांत कठीण जातात. महाद्वार रोडवरच्या मिरवणुकीतला ध्वनियंत्रणेचा खालचा ठोका उंदराला कानाने फारसा कळत नसेल, पण जमिनीतून आणि पिंजऱ्याच्या गजांतून अंगाला जाणवतो. मिरवणुकीच्या मार्गावर घर असेल तर पिंजरा मागच्या खोलीत, जाड घडी केलेल्या घोंगडीवर ठेवावा, घरटे बांधायला दुप्पट कागद द्यावा आणि ते दोन दिवस हात लावू नये. दिवाळीत फटाक्यांसाठीही हेच.

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत अनेक घरे घाईने सोडावी लागली. अशा रात्री पिंजऱ्यात पाठलाग करून उंदीर पकडता येत नाही. ओळखीच्या नळीत तो आपण होऊन शिरतो आणि नळीसकट झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात मावतो. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा ही सवय करून घ्यावी.

आरोग्य : मूत्र आणि केसांतल्या प्रथिनांची काहींना ॲलर्जी होते, उंदरांतला एक विषाणू गर्भवतीच्या पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो, म्हणून तिने पिंजरा साफ करू नये. हात आधी आणि नंतरही धुवावेत. उंदराचे दुखणे शेवटपर्यंत लपून राहते. मिटलेले डोळे, उभे राहिलेले केस, वाकलेली पाठ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. माणसाळलेल्या उंदराचा इथे उपयोग होतो. तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवलेल्या वाटीत दाण्यासाठी बसतो, आणि दर रविवारी त्याचे वजन लिहिता येते. तीस ग्रॅमच्या उंदराचे तीन ग्रॅम कमी झाले म्हणजे दहावा हिस्सा गेला. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे. दीड वर्षानंतर उंदीर हळू होतो, चढायचे सोडतो आणि पूर्वी दोन मिनिटे न थांबणारा तळहातावर झोपून जातो. तेव्हा हात टेबलावर टेकवून ठेवावा, म्हणजे तो खाली पडणार नाही.