डाग म्हटला की पुसणं आलंच

स्वाहिली भाषेत ‘दोआ’ म्हणजे डाग. त्याचं अनेकवचन ‘मादोआ’ आणि आपण ‘ठिपकेठिपके’ म्हणतो तसं ते दुहेरी केलं की ‘मादोआदोआ’. ठिपक्याठिपक्यांच्या गाईचं वर्णनही याच शब्दानं होतं. त्यात ना शिवी, ना धमकी. तरीही केनियाच्या रिफ्ट व्हॅलीत निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द कानावर पडला की लोकांच्या पोटात गोळा येतो. बाहेरून येऊन तिथे स्थायिक झालेल्या, मुख्यतः किकुयू समाजाच्या कुटुंबांना उद्देशून तो वापरला गेला आहे.

तिथे २७ डिसेंबर २००७ रोजी मतदान झालं. तीन दिवसांनी वादग्रस्त निकाल लागला आणि हिंसाचार भडकला. या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगानं पुढे ११३३ मृत्यूंची नोंद केली. १ जानेवारीला रिफ्ट व्हॅलीतल्या एल्डोरेट शहराजवळच्या किआम्बा इथे चर्चमध्ये आसरा घेतलेल्या लोकांसकट ते चर्च पेटवलं गेलं. आत बायका होत्या, लेकरं होती. जमिनीची जुनी भांडणं आणि निकालावरचा अविश्वास ही कारणं होतीच, नुसत्या एका शब्दानं दंगल पेटत नाही. पण शब्द सरपण वाळवून ठेवतो. कसा, ते पाहण्यासारखं आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी किळस या भावनेवर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या एका प्रयोगात मेलेलं, पूर्णपणे निर्जंतुक केलेलं झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढलं. रस पिण्यात कसलाच धोका नव्हता, पण लोकांना तो नकोसा झाला. किळस असा हिशेब करत नाही. एकदा स्पर्श झाला की सगळा पेला बाटला. आता हीच भावना माणसांच्या एखाद्या गटाला चिकटवली तर काय होईल? त्यातला भला कोण, बुरा कोण, हा प्रश्नच उरत नाही.

२००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातले लसाना हॅरिस आणि सुझन फिस्क यांनी लोकांना वेगवेगळ्या सामाजिक गटांची छायाचित्रं दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा विचार करताना मेंदूच्या पुढच्या, मधल्या भागात हालचाल वाढते. बेघर आणि व्यसनाधीन माणसांची छायाचित्रं पाहताना ती तितकीशी वाढली नाही. उलट किळसेशी जोडलेला भाग जागा झाला. एका प्रयोगावर फार मोठा इमला रचू नये, पण मला त्यातली दिशा अस्वस्थ करते.

‘असली भाषणं आम्हीही ऐकतो, आम्ही कुठे काठ्या घेऊन निघतो?’ असं बरेच जण म्हणतात, आणि ते खरंच असतं. राज्यशास्त्रज्ञ नेथन कॅल्मो यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत राजकीय मजकुरात ‘लढाई’सारखे सौम्य हिंसक शब्द पेरले होते. ज्यांचा स्वभाव मुळातच आक्रमक होता, त्यांच्यातच राजकीय हिंसेला पाठिंबा वाढलेला दिसला. सभेला दहा हजार माणसं असतील तर त्यातली बहुतेक टाळ्या वाजवून घरी जातात. वक्त्याचं वाक्य मात्र उरलेल्यांपर्यंतही पोचलेलं असतं.

केनियाच्या राष्ट्रीय एकात्मता आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये प्रचारात टाळायच्या शब्दांची यादीच काढली. त्यात ‘मादोआदोआ’ होता, झुरळ या अर्थाचा ‘मेंडे’ होता आणि कीड मारण्यासाठी धुरी देणं या अर्थाचा ‘फ्युमिगेशन’ही होता. त्याआधी जानेवारीत एल्डोरेटच्या सभेत ‘मादोआदोआ’ म्हणणाऱ्या एका सिनेटरला अटक झाली होती. अशा यादीचं मोल आहे, पण तिला मर्यादाही आहे. एक शब्द अडवला की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि तोही शिवी नसल्यामुळे वक्त्याला ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ म्हणायला मोकळीक राहते.

म्हणून प्रचाराचं भाषण ऐकताना मी शिव्यांपेक्षा क्रियापदांकडे कान देतो. शिवी खाणारा निदान माणूस तरी असतो, तो उलट बोलू शकतो. डागाला बोलता येत नाही. पुसून टाका, उपटून काढा, साफ करा, ही आपल्या मराठी सभांमध्येही रुळलेली क्रियापदं आहेत. ‘भ्रष्टाचाराची कीड उपटून टाकू’ या वाक्यात कर्म आहे एक वागणूक. त्याच वाक्यात कर्माच्या जागी एखादी वस्ती, जात किंवा परप्रांतातून आलेली कुटुंबं बसवून पाहा. व्याकरण तेच राहतं, वक्त्याचा आवाजही तसाच चढतो, फक्त उपटायला आता माणसं असतात.