सबटायटल्स मातृभाषेतली की इंग्रजी? ऐकणं शिकवणाऱ्यांसाठी

इंग्रजी ऐकण्याच्या सरावासाठी वर्गात सिनेमाचा किंवा मालिकेचा तुकडा लावायचा ठरलं, की सबटायटल्स असावीत यावर सहसा एकमत होतं. ती कोणत्या भाषेतली, याचा विचार फारसा होत नाही. खरं तर दोन्हींची कामं वेगळी आहेत.

मातृभाषेतली सबटायटल्स अर्थ पुरवतात. ओळ पडद्यावर काही सेकंदच टिकते, म्हणून भाषांतरकार संवाद छाटतो, वाक्याचा क्रमही बदलतो. प्रेक्षकाची त्याने सोय होते. शिकणाऱ्याला मात्र गोष्ट कळते आणि इंग्रजी मागे नुसतं वाजत राहतं.

इंग्रजी सबटायटल्स दाखवतात ते शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. बोलताना 'डिड यू'चं 'डिजू' होतं, 'वॉन्ट टू'चं 'वॉना', आणि 'शुड हॅव'मधला 'हॅव' नुसता 'अव' उरतो. पुस्तकात हे शब्द सहज वाचणाराही इथे अडतो. त्याला शब्द ठाऊक असतात, त्यांचं हे बोलण्यातलं रूप ठाऊक नसतं. ऐकताना ओळ समोर असली की दोन्हींची जोडी जुळते.

2009 साली मिटरर आणि मॅक्वीन या संशोधकांनी डच प्रेक्षकांना अनोळखी ढंगाचं, म्हणजे स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजी दाखवलं. इंग्रजी सबटायटल्स पाहिलेल्यांना त्या ढंगातली नवी वाक्यंही जास्त नीट ओळखता आली. डच सबटायटल्सवाले नव्या वाक्यांत उलट मागे पडले, अगदी सबटायटल्सशिवाय पाहणाऱ्यांच्याही.

म्हणून इंग्रजी ओळी सतत चालू ठेवायच्या का? माझ्या मते नाही. डोळा कानापेक्षा चपळ असतो. मुलं वाचतात आणि आपण ऐकलं असं समजतात. एक-दोन मिनिटांचाच तुकडा घ्या. आधी ओळी बंद ठेवून ऐकू द्या, जे कळलं ते लिहू द्या. मग इंग्रजी ओळी लावून कुठे चुकलं ते शोधा, आणि शेवटी पुन्हा ओळींशिवाय ऐका. मातृभाषेतली सबटायटल्स अगदी नवशिक्यांना प्रसंग समजावण्यापुरती चालतील.

वर्गाआधी ओळी स्वतः तपासाव्यात. यंत्राने आपोआप केलेली सबटायटल्स बरेचदा शब्द एकमेकांत मिसळतात तिथेच चुकतात, आणि माणसाने केलेल्या इंग्रजी ओळींतही वेगवान संवाद कधी कधी छाटलेला असतो.